आगोटीचं मीठ

साल १८३६. वैशाख सरत आलाय आणि तुम्ही महाडच्या बंदरावर उभे आहात. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर चढत आलेले दोन मचवे काठाला लागलेत. त्यांना घाई आहे, कारण पाणी ओसरलं की सावित्रीच्या या वरच्या अंगाला पुढच्या भरतीपर्यंत गाळात रुतून बसावं लागतं. हमाल गुडघाभर चिखलातून पाट्या वाहतायत. पाटीत मीठ आहे. करड्या रंगाचं, ओलसर, खाडीचा वास असलेलं, हरभऱ्याएवढ्या खड्यांचं. तुमच्यासमोरून एक पाटी जाते, तिच्या तळातून थेंब गळतात आणि हमालाच्या मानेवरून पाठीवर उतरतात. त्याच्या मानेची तेवढीच एक पट्टी सोलून निघालेली आहे.

तुम्ही वरचे. प्रतापगडाच्या पायथ्याला, कुंभरोशीच्या बाजूच्या एका वाडीतले. काल दिवस उगवायच्या आधी घर सोडलंत, रात्री पोलादपुरात कुणाच्या तरी पडवीत अंग टाकलंत आणि आज महाड गाठलंत. डोईवर हिरडा होता. जावळीच्या रानातला हिरडा खाली उतरतो, कातडी कमावायला आणि रंगाला मुंबईकडे जातो. आणि खाडीचं मीठ त्याच वाटेनं वर चढतं. वाणी हिरडा मापून घेतो, वहीत बघतो. गेल्या सालचं मीठ उधारीवर नेलं होतंत, ते आधी वळतं होतं. उरलेल्या हिशेबात यंदाची आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची आहे.

आगोट चुकवून चालत नाही. एकदा मृगाचा पाऊस लागला की घाटमाथ्यावर चार महिने सूर्य दिसत नाही. ओढे फुटतात, पायवाटा वाहून जातात, दरडी येतात. तांदूळ संपला तर नाचणी आहे, नाचणी संपली तर वरी आहे, तीही संपली तर रानातले कंद आहेत. मीठ मात्र रानात उगवत नाही. इतका पाऊस पडतो त्या मातीत क्षार टिकतच नाही, सगळा धुपून सावित्रीतून आणि कोयनेतून निघून जातो. म्हणून माणसाला मीठ लागतं तसं ढोरालाही लागतं, आणि तुमच्या वाडीतली गाय माणसाच्या हाताचा घामसुद्धा चाटून काढते. हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. लहानपणापासून बघत आलात.

वाण्याकडून निघून तुम्ही चवदार तळ्यावर थांबता. लमाणांचा तांडा तिथंच टेकलाय. पाठीवरच्या गोणी उतरवून बैल पाण्यावर सोडलेत आणि ते सावकाश पितायत. जरा लांब, झाडाखाली, मचव्यावरून मीठ उतरवलेल्यांतला एक महार हमाल बसलाय. त्याची तहान तुमच्यापेक्षा मोठी असणार, सकाळपासून तो खाऱ्या चिखलात उभा होता. पण या तळ्याला त्यानं हात लावायचा नाही. बैलानं लावला तर चालतो. तो उठून दुसऱ्या दिशेला पाणी शोधायला जातो. याच तळ्यावर २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन येतील आणि ओंजळीनं पाणी पितील. त्याला अजून नव्वद वर्षं आहेत. तुम्ही आत्ता त्या माणसाकडे बघता आणि मग दुसरीकडे बघता, जसं त्या काळात सगळे बघत.

तांड्याबरोबर चालणं बरं. वाटेत वाघरू असतं, आणि सोबत असली की चढ जाणवत नाही. पोलादपूर मागं पडतं, किनेश्वर येतं, आणि तिथून पारघाटाची चढण उभी राहते. गाडी जाईल असा रस्ता इथं नाही. एका मागोमाग एक बैल, प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना गोणी, पुढच्याच्या गळ्यात घुंगुरमाळ. तुमच्या पुढं चालणाऱ्या बैलाच्या पाठीवर खोगीर घासून जखम झालेली आहे आणि ओलसर गोणीतून खारवट पाणी झिरपून नेमकं त्याच जागी उतरतंय. बैल दर काही पावलांनी कातडी थरथरवतो. नायकाला विचारता, तर तो म्हणतो, "भाताची गोण असली की बरी भरते जखम, मिठाची आली की पुन्हा उघडते. करतोस काय, घाटावर भात कोण घेणार? तिथं मीठच मागतात."

चढावर ओझं टेकायला एक सपाट दगड आहे. पिढ्यान् पिढ्या लोकांनी त्यावर गोणी टेकवल्यात. तो इतका गुळगुळीत का, याचं कारण रात्री कळतं: अंधार पडला की सांबरं येतात आणि दगड चाटतात.

वर पार गावात पोचलात की जकातीचा नाका. इथून पुढं सातारच्या छत्रपतींचा मुलूख, खाली कंपनी सरकारचा. मिठाच्या गोणीला जकात पडते, तुमच्या डोईवरच्या पाटीकडे नाकेदार कधी बघतो, कधी सोडून देतो. रामवरदायिनीच्या देवळापाशी तुम्ही पाटी उतरवता. तांडा इथून पुढं रडतोंडीच्या घाटानं महाबळेश्वराच्या डोंगरावर चढेल आणि वाईच्या बाजाराकडे उतरेल. देशावरच्या भाकरीला लागणारं मीठ असं दोन घाट चढून जातं.

पारला कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल आहे. त्यावरून जाताना, आलाच आहात तर, आणखी मागं या. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि मोरोपंत पिंगळ्यांकडून समोरच्या डोंगरावर प्रतापगड उभा करवला. अफजलखानाच्या प्रसंगामुळे या गडाकडे आपण एका दिवसाच्या पराक्रमाची जागा म्हणून बघतो. पण गड तिथंच का, हे बैलांच्या रांगेत चालून आलेल्याला सांगावं लागत नाही. पारघाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात कोकण आणि देश यांच्यामधली ये-जा, आणि त्या ये-जेत मीठ सगळ्यात नेमानं जाणारा माल.

महाराजांनी १६७१ साली कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला मिठाविषयी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडू लागलं होतं, घाटावरचे व्यापारी तिकडे वळत होते आणि संगमेश्वराकडची आपली मिठागरं बसायच्या बेतात होती. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून ते आपल्या मिठाच्या भावाला आणावं, अशी आज्ञा. या पत्राचं कौतुक नेहमी होतं आणि ते योग्यच आहे. राज्य चालवणारा माणूस मिठागरात उभं राहून राबणाऱ्याचा विचार करतोय, हे इतिहासात वारंवार दिसत नाही. तरी पुलावर उभं राहून तुम्हाला दुसरीही बाजू दिसते. मिठावर जकात बसली की खालचं आगर वाचतं आणि भार वर चढत चढत शेवटी वाडीतल्या मडक्यात उतरतो. राज्य आपलं असेल तर निदान त्या भाराला कारण असतं.

आता घरी चला. बायको पाटी उतरवून घेते. मीठ मडक्यात भरून चुलीच्या वर, धुरात, शिंक्याला टांगायचं. पावसाळी हवेत या मिठाला पाणी सुटतं. त्यात समुद्राच्या पाण्यातला मॅग्नेशियमचा कडवट क्षार राहिलेला असतो, तोच हवेतली ओल ओढून घेतो. म्हणून मडक्याच्या बुडाला बारीक भोक आणि खाली करवंटी. आषाढभर करवंटीत थेंब थेंब साठतात, ते पाणीही फेकायचं नाही. ढोरांच्या कोंड्यात मिसळायचं. श्रावणात मडकं निम्म्यावर येतं आणि म्हातारी भाकरीबरोबर द्यायचा खडा हातानं फोडून त्याचे दोन करते.

हे मीठ जिथून आलं ते बघायला आता डोंगर सोडा. १८३८ सालचा माघ, उरण, ज्याला इंग्रज करंजा बेट म्हणतात. पौर्णिमेचं उधाण आहे. तुम्ही आता घाटावरचे नाही. तुम्ही आगरी आहात आणि बांधाच्या उघाडीपाशी कमरेइतक्या पाण्यात उभे आहात.

काम कार्तिकापासून चाललंय. पावसाळ्यात आगर पाण्याखाली असतं. पाऊस गेला की ते गोडं पाणी काढून द्यायचं, वाफ्यांची जमीन उघडी करायची, आणि मग घरातल्या सगळ्यांनी मिळून ती पायांनी तुडवायची आणि चोपायची. चिखल इतका घट्ट व्हायला हवा की वर पाणी उभं राहिलं तरी आत मुरता कामा नये. ती जमीन जमली तर मीठ पांढरं उतरतं, नाही तर मातकट. मग उधाणाचं पाणी पहिल्या मोठ्या खणात घ्यायचं, तिथून दुसऱ्यात, तिथून उथळ वाफ्यात. समुद्राच्या एका लिटरात सगळे क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम, त्यातलं खरं मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. बाकीचं सगळं पाणी उन्हानं आणि वाऱ्यानं उडवायचं. आधी चुन्यासारखा जिप्सम खाली बसतो, तो मागच्या खणातच राहू द्यायचा. पाणी पुरेसं दाट झालं की दुपारी वाफ्यावर साय धरते, बोटानं मोडली तर करकरते. त्याला इथं 'मीठ पिकलं' असंच म्हणतात. भातासारखंच ते पिकतं, आणि भातासारखाच एक अवकाळी पाऊस त्याला पुरतो.

संध्याकाळी लाकडी फळीनं मीठ ओढून बांधावर रास घालता. दिवसभर पाय खाऱ्या पाण्यात होते. टाचांच्या भेगांत मीठ गेलंय आणि रात्री झोप लागेपर्यंत ते बोलत राहतं. तुमच्या आईच्या पायांचे तळवे आता लाकडासारखे झालेत, तिला काटा टोचलेला कळत नाही. घरी पाणी नाही. म्हणजे चहूकडे पाणीच पाणी आहे, खाडी दाराशी आहे, पण विहीर मचूळ आहे. डाळ शिजत नाही त्यात. बहिणी पहाटे अंधारात डोंगराच्या बाजूला गोड्या पाण्याच्या डबऱ्याकडे गेल्या, त्या उन्हं डोक्यावर आल्यावर परततील.

खारेपाटातली, म्हणजे या खाडीकाठच्या पट्ट्यातली, ही गोष्ट नीट पाहिल्याशिवाय मिठाविषयी बोलू नये, असं मला वाटतं. मिठागर हा एकटा धंदा नसतो. ज्या बांधानं आगर राखलं जातं तोच बांध मागच्या भातशेतीलाही राखतो. समुद्र आणि शेत यांच्यामधली सगळी वस्ती त्या मातीच्या भिंतीवर जगते. भिंत घालताना तिवरांचं रान कापलं गेलं, खाडीची जागा आवळली गेली, कोळंबी आणि निवट्यांची चिखलटं गेली. ते नुकसान खरं आहे. आणि त्याच उथळ पाण्यावर थंडीत हजारो पक्षी उतरू लागले, भात पिकू लागला, गावं उभी राहिली, हेही खरं आहे. बांधाला भोक पडलं की तीन दिवसांत भाताची जमीन खारी होते, आणि मग कितीतरी पावसाळे तिला धुवावं लागतं. म्हणून उधाणाच्या रात्री सगळं गाव कंदील घेऊन बांधावर असतं. मीठ, भात, विहीर आणि खाडी यांना वेगवेगळं करता येत नाही.

माघाच्या त्या संध्याकाळी राशीपाशी एक नवा माणूस येऊन बसलाय. पट्टेवाला. गेल्या वर्षी, १८३७ मध्ये, कंपनी सरकारनं मुंबई इलाख्यातल्या मिठावर मणाला आठ आणे कर बसवला. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. कर भरल्याशिवाय राशीतली एक पाटी हलवायची नाही. तुम्ही स्वतः पिकवलेलं मीठ घरच्या कालवणासाठी मूठभर नेलंत तरी ती चोरी. उन्हाळ्यात खडकांच्या खळग्यांत आपोआप वाळलेलं मीठ खरवडलंत तरी गुन्हा. तुमची म्हातारी आई हे ऐकून घेते आणि विचारते, "दर्याच्या पाण्याचं पण?" तिला कुणी उत्तर देत नाही.

१८४४ मध्ये सरकारनं हा दर आठ आण्यांवरून एकदम रुपयावर नेला. सुरतेत दंगल झाली, तेव्हा थोडा मागं घ्यावा लागला. पण पुढं तो पायरी पायरीनं चढतच गेला. लहान, लांबची, राखण करायला न परवडणारी आगरं मीठ खात्यानं बंद केली. मोठ्या आगरांभोवती चौक्या बसल्या. खाडीकाठच्या कितीतरी गावांना आपल्याच अंगणात पिकणारं मीठ आता दुकानातून आणावं लागलं.

तर १८७८. पुन्हा घाटात या, पण पारघाटात नाही. आता आंबेनळीनं वर चला. नवा रस्ता झालाय. गव्हर्नर सेमूर फिट्झजेराल्डचं नाव त्याला दिलंय, साहेब लोक महाबळेश्वरला हवा खायला जातात त्यांच्या सोयीसाठी. तुमच्या माणसांना तो आंबेनळीचाच घाट आहे. कातळ सुरुंगानं फोडलाय, वळणावळणाला दगडी कठडा घातलाय, मोऱ्या बांधल्यात. बैलगाडी पोलादपुरापासून थेट वर जाते. एका गाडीत कितीतरी बैलांच्या पाठीवरचं ओझं मावतं.

मग मीठ स्वस्त व्हायला हवं होतं. रस्ता झाला, नाके उठले, वाहतूक सोपी झाली. पण त्याच सुमाराला मुंबई आणि मद्रास इलाख्यांतला मिठाचा कर मणाला एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपये झाला. बंगालात तो जास्त होता, तिथं उतरवला आणि इकडे चढवला, सगळीकडे जवळपास सारखा व्हावा म्हणून. आणि कधी? १८७६ ते १८७८, दख्खनच्या दुष्काळात. घाटाच्या पलीकडे साताऱ्या-सोलापुरात माणसं खडी फोडायच्या कामांवर मरत होती, त्या वर्षांत. हिशेबाच्या टेबलावर हे नीटनेटकं दिसलं असेल. मला त्यात आजही फक्त क्रूरता दिसते.

पोलादपुरातल्या दुकानात उभे राहून तुम्ही बोटं मोजता. पाच माणसांच्या घराला वर्षाला पाऊण मण मीठ धरा, ढोरांचं वेगळं. त्यावर नुसता कर एक रुपया चौदा आणे. मजुरी दिवसाला तीन आणे मिळाली तर दहा दिवसांची मेहनत फक्त सरकारच्या वाट्याची, मिठाची किंमत आणि वाण्याचा नफा त्यावर. साहेबाचा स्वयंपाकी महाबळेश्वरात तेवढ्याच मिठाला तेवढाच कर देतो, आणि साहेबाला ते कळतही नाही. ढोरांना मीठ देणं वाडीनं केव्हाच बंद केलंय. म्हातारी आता खड्याचे चार करते. खाडीवरून येणारी सुकट आणि खारवलेली मासळी या भागातली चैन नव्हे, पावसाळ्यातलं कालवण आहे. मीठ महागलं तशी तीही महागली.

आणि तांडा? आंबेनळीच्या दुसऱ्या वळणावर एक लमाण भेटतो. खांद्यावर फावडं आहे, रस्त्याच्या कामावर आलाय. त्याच्या आजानं याच डोंगरातून मिठाचे बैल नेले. बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे वर चढली, घाटांत गाडीरस्ते झाले आणि बैलाच्या पाठीवरचा व्यापार एका पिढीत संपला. बैल विकले. पारच्या वाटेवरचा गुळगुळीत दगड गवतात गेला. ज्या रस्त्यानं आपला धंदा खाल्ला त्याचीच खडी तो पसरतोय.

गोपाळ कृष्ण गोखले, आपल्याच कोकणातल्या कोतळूकचे, १९०२ च्या अंदाजपत्रकावर कलकत्त्याच्या कौन्सिलात बोलले तेव्हा त्यांनी मिठाच्या कराला हात घातला. पुढच्याच वर्षी तो अडीच रुपयांवरून दोन झाला, नंतर आणखी उतरला. त्या आकड्यांमागं पोलादपूरसारख्या किती गावांतली मडकी होती हे सभागृहातल्या फार थोड्यांनी पाहिलं असेल.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहावर मी तुम्हाला फार वेळ थांबवत नाही, कारण दांडी, धारासणा, शिरोडा, वडाळा तुम्हाला ठाऊक आहेत. पण ५ मार्च १९३१ नंतरच्या एका दिवशी तुम्ही महाडात कुणाला तरी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचताना ऐका. गांधी-आयर्विन करार झालाय. मिठाविषयीचं कलम असं आहे: जिथं मीठ गोळा होतं किंवा बनवता येतं त्या भागाला लागून असलेल्या गावांतल्या लोकांनी ते घरच्या वापरापुरतं घ्यावं, आपल्याच गावांत विकावं, बाहेरच्या माणसांना विकायचं नाही. ऐकणाऱ्यांत खाडीकाठचे आहेत, ते खूश होतात. तुम्ही पुन्हा कुंभरोशीचे आहात. तुम्ही विचारता, "म्हणजे आम्हाला?" वाचणारा पुन्हा एकदा कलम वाचतो. तुम्ही बाहेरचेच. उरणच्या म्हातारीच्या प्रश्नाला त्र्याण्णव वर्षांनी अर्धं उत्तर मिळालं. घाटावरच्याला त्या दिवशी काहीच मिळालं नाही. कर पूर्ण उठायला १९४७ उजाडलं.

इथून पुढचा काळ तुमच्या ओळखीचा आहे, पण खारेपाटातून तो वेगळा दिसतो. १९४८ मध्ये खारजमिनींचा कायदा झाला, बांधांची जबाबदारी गावकीकडून सरकारकडे सरकू लागली. गावकी उधाणाच्या रात्री बांधावर जायची. कागद जात नाही. १९७० नंतर नवी मुंबईसाठी सिडकोनं जमिनी घेतल्या. शेतं गेली तशी मिठागरंही गेली. १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघर भागात मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. जिथं तुम्ही माघातल्या उधाणात उघाडीपाशी उभे होतात तिथल्या कितीतरी वाफ्यांवर आता कंटेनर आहेत. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतो. वाफा चोपणाऱ्या पायांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं.

२००६ मध्ये खाण्याच्या मिठात आयोडीन सक्तीचं झालं. गलगंड आणि मुलांच्या वाढीचा विचार केला तर हा निर्णय बरोबर होता. पण आयोडीन मिसळायचं यंत्र आणि पिशव्या भरायचा कारखाना पेण-उरणच्या लहान आगरवाल्याला कुठून परवडणार? त्याचं मीठ स्वयंपाकघरातून उठलं आणि बर्फाच्या कारखान्याला, मासळी खारवायला, कातडी टिकवायला जाऊ लागलं. भाव पडला. देशातलं बहुतेक मीठ आता गुजरातेतून येतं. आंबेनळीच्या वळणांवरून जाणाऱ्या टेम्पोतल्या पिशव्यांवर तिकडचाच पत्ता असतो.

आगर परवडेनासं झालं की ते नुसतं बंद पडत नाही. बांधाची डागडुजी थांबते. मग एखाद्या उधाणात खांड पडते, पाणी भातशेतीत घुसतं, दोन-तीन वर्षांत तिथं तिवरं उगवतात. उच्च न्यायालयानं २००५ पासून तिवरांना संरक्षण दिलंय, आणि तेही योग्यच आहे. ती किनारा धरून ठेवतात, मासळीची पिल्लं वाढवतात. पण ज्याची भाताची जमीन बांध फुटल्यानं गेली तो आता तिवरं तोडून ती परत मिळवूही शकत नाही. समुद्रानं नेलेलं समुद्राकडेच राहतं. पेणच्या खारेपाटातल्या बायका अजून हंड्यासाठी ताटकळतात. टँकर येतो, कधी येत नाही.

आणि ज्यांच्याकडे गोडं पाणी होतं त्यांचं काय? २२ जुलै २०२१ ला पोलादपुरात या. पाऊस तुम्ही १८३६ मध्ये जाणलेला तोच आहे, डोंगर मात्र तसा राहिलेला नाही. महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेलं. पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत दरडींनी घरं गिळली. आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचला, तुटला, कितीतरी दिवस बंद राहिला. खाली महाडच्या बाजारपेठेत सावित्री आणि गांधारी नद्या शिरल्या. पाणी उतरल्यावर दुकानदार शटर उघडतात तेव्हा कापड चिखलानं माखलेलं सापडतं, तांदूळ फुगलेला सापडतो, लोखंड गंजलेलं सापडतं. मिठाच्या आणि साखरेच्या गोणी मात्र रिकाम्या सापडतात. वर, रस्ता तुटलेल्या वाड्यांत, माणसं खांद्यावरून सामान नेतात. तांदूळ, तेल, काडेपेटी, मेणबत्त्या, मीठ. एक जण तुमच्या पाठीवर पोतं चढवतो आणि म्हणतो, "जपून दादा, वाट निसटती आहे." तुम्हाला चढ पाठ आहे.

त्यानंतरच्या कुठल्याही मे महिन्यात पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांना पिण्याचं पाणी टँकरनं पुरवावं लागतं. महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाऊस ज्या डोंगरांवर पडतो त्यांच्या कुशीत. पाणी येतं आणि उतारावरून निघून जातं, अडवायला फारसं काही केलेलं नाही. सावित्रीतून ते महाडला पोचतं. तिथं रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तिचं सांडपाणी प्रक्रिया करून खाडीत सोडलं जातं. रंग आणि औषधं बनवताना वापरलेले क्षार पाण्यात एकदा विरघळले की त्यांना परत काढणं सगळ्यात अवघड. मिठागरात हजार वर्षं माणूस पाणी उडवून मीठ ठेवत आला, इथं मीठ पाण्यातच राहतं. बाणकोटच्या खाडीतला कोळी जाळं ओढतो आणि मासळी कमी झाली म्हणून सांगतो. त्याला कारण विचारलंत तर तो वरच्या दिशेनं बोट दाखवतो, जिकडून पूर्वी हिरडा यायचा.

शेवटचा मुक्काम पेणजवळच्या एका बांधावर, अलीकडच्या एका फाल्गुनात. अमावास्येचं उधाण तीन तासांवर आहे आणि बांधाला हातभर रुंद खांड पडलीय. सरकारी दुरुस्तीचा अर्ज दिलेला आहे. ट्रॅक्टर येईल म्हणालेत. मागं चाळीस-पन्नास एकर वाल लावलेलं रान आहे, पुढं एक आगर, जिल्ह्यात अजून मीठ पिकवणाऱ्या थोड्या आगरांतलं. आगरातली बाई पदर खोचून चिखलात उतरते. शेतवाला उतरतो. दोन कॉलेजातली पोरं मोबाइल चपलांत ठेवून उतरतात. रांग लागते. चिखलाचे गोळे हातोहात पुढं सरकतात, खांडीत पेंढ्यावर बसतात, वरून पाय देऊन चोपले जातात. बाई तुमच्याकडे बघते. तुम्ही कुठले, कुठल्या काळातले, हे तिला विचारायचं नाही.

"उभे काय राहिलात, दादा? धरा की. पाणी येतंय."